चालू करून द्या जी

पहाटे ५:३०

मे महिन्यात वऱ्हाडात नाजूक काम करायचं तर ते उन्हं वर यायच्या आत. रात्रभर कूलर चालून खोली निवलेली असते आणि या वेळेला वीजही सहसा जात नाही. अमरावतीत राजकमल चौकामागच्या गल्लीत, घराच्याच पुढच्या खोलीत माझं टेबल आहे. पेनड्राईव्ह, मेमरी कार्ड, क्वचित एखादी हार्ड डिस्क. पंधरा वर्षं हेच काम.

उठल्यावर आधी रात्री लावून ठेवलेली चाचणी पाहते. तिवसा तालुक्यातल्या एका ट्रॅक्टरवाल्याचा ६४ जीबीचा पेनड्राईव्ह आहे. आला तेव्हा संगणक त्याला ओळखत होता, पण क्षमता शून्य दाखवत होता. गाणी त्याच्या घरच्या संगणकावर होती, त्याला फक्त ड्राईव्ह हवा होता. म्हणून मी तो नव्याने बांधला आणि रात्री ‘एच-टू-टेस्ट-डब्ल्यू’ लावलं. हा छोटा प्रोग्राम एका जर्मन संगणक मासिकाकडून आलेला आहे. तो ड्राईव्ह काठोकाठ भरतो आणि मग भरलेलं सगळं परत वाचून जुळवून पाहतो. सेकंदाला ८ एमबी लिहिणारा ड्राईव्ह असेल तर ६४ जीबी भरायलाच सव्वादोन तास लागतात, वाचायचा वेळ वेगळा. म्हणून हे काम रात्रीचं.

निकाल चांगला आहे. एकही चूक नाही. क्षमता मात्र ५७. हा ड्राईव्ह नवा होता तेव्हाही पुरते ६४ दिसत नव्हते. कंपनी १००० च्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या, त्यामुळे ६४ चे ५९.६ दिसतात. उरलेली घट झिजलेल्या जागांची, त्या मी कायमच्या वगळल्या. ड्राईव्हवर कागदी पट्टी चिकटवते आणि लिहिते: ‘५७. दुरुस्त केलेला. एकुलती प्रत यात ठेवू नका.’

सकाळी ७:१५

बुधवार अकोल्याचा. टिळक रोडवर ओळखीच्या दादांचं मोबाईलचं दुकान आहे. दर बुधवारी ते मला एक टेबल, एक प्लग आणि कूलरचा वारा देतात. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्यामुळे ही फेरी परवडते.

बॅगेत भिंग, सोल्डरिंग आयर्न, बारीक टोकाचा चिमटा, शिवणाची सुई आणि दोन जुने लॅपटॉप. एकात विंडोज ७ आहे, त्याला इंटरनेट कधीच जोडत नाही. दुसऱ्यात लिनक्स. वेगळा लॅपटॉप ठेवायला कारण आहे. आमची अवजारं म्हणजे ‘मास प्रॉडक्शन टूल’. पेनड्राईव्हमधली कंट्रोलर चिप बनवणाऱ्या फायसन, सिलिकॉन मोशन, अल्कोर यांसारख्या कंपन्यांनी ती पेनड्राईव्हच्या कारखान्यांसाठी लिहिली. दुकानदारासाठी ती कधी नव्हतीच, ती हातोहात पसरत आमच्यापर्यंत आली. सोबत काय चिकटून येईल याचा भरवसा नाही. शिवाय समोर येणारा पेनड्राईव्हही अनोळखीच असतो. २०१४ मध्ये कार्स्टेन नोल आणि याकोब लेल या संशोधकांनी दाखवून दिलं, की फर्मवेअर, म्हणजे आतला कामाचा प्रोग्राम, बदललेला पेनड्राईव्ह संगणकाला ‘मी कीबोर्ड आहे’ असं सांगून स्वतःच आज्ञा टाइप करू शकतो. तेव्हापासून घरच्या संगणकाला मी गिऱ्हाइकाचा ड्राईव्ह लावलेला नाही.

बडनेरा, मग मूर्तिजापूर. इथे आलं की मला माझं काम समजावून सांगायला सोपं वाटतं. यवतमाळ आणि अचलपूरकडून शकुंतला नावाची आगगाडी यायची, अरुंद रुळांवरून कापूस घेऊन. मूर्तिजापूरला त्या गाठी मोठ्या रुळांच्या गाडीत चढायच्या आणि मुंबईला जायच्या. ती गाडी कित्येक वर्षं बंद आहे. पण पेनड्राईव्हच्या पोटात असंच एक जंक्शन असतं. एका बाजूला संगणक, दुसऱ्या बाजूला नँड फ्लॅश नावाचं गोदाम आणि मध्ये कंट्रोलर चिप, म्हणजे स्टेशनमास्तर. संगणक म्हणतो, पाच हजारावी गाठ द्या. ती गोदामात नेमकी कुठे आहे हे फक्त मास्तरच्या वहीला ठाऊक. एकाच जागी वारंवार लिहिलं तर ती जागा झिजते, म्हणून मास्तर माल सारखा इकडून तिकडे हलवत असतो आणि वहीत नोंदत असतो.

आता ही वही आणि मास्तरच्या कामाचे बहुतेक नियम, म्हणजेच फर्मवेअर, त्याच गोदामाच्या एका राखीव कोपऱ्यात ठेवलेले असतात. मास्तरला जन्मापासून पाठ असतं ते एवढंच: ऊठ, कोपऱ्यातून वही काढ, कामाला लाग. वहीत नोंद होता होता वीज गेली, कुणी ड्राईव्ह ओढून काढला, किंवा ट्रॅक्टरच्या तापलेल्या पेटीत राहून राहून त्या कोपऱ्यातला विद्युतभार झिरपला, तर मास्तर उठतो पण वही वाचता येत नाही. संगणकावर नाव येतं, क्षमता शून्य.

ते मास प्रॉडक्शन टूल, म्हणजे फर्मवेअर लिहिणारं टूल, अशा वेळी नवा मास्तर नेमतं. तो गोदाम रिकामं करतो, एकेक खण ठोकून पाहतो, मोडके खण वगळतो आणि कोरी वही उघडतो. जंक्शन पुन्हा सुरू होतं. जुन्या गाठी मात्र त्याने बाहेर फेकलेल्या असतात.

सकाळी ९:४५

दादा शटर वर करतात तेव्हा बोरगाव मंजूकडचे एक काका पायरीवर बसलेले असतात. रुमालाच्या गाठीतून पेनड्राईव्ह काढतात.

‘माय, हा चालू करून दे बाप्पा.’

‘काका, डबा पाहिजे का डब्यातलं?’

‘म्हंजे?’

‘नुसता पेनड्राईव्ह चालला पाहिजे, का आतलं दिसलं पाहिजे?’

‘डब्याले काय करू मी? भजनं दिसले पाह्यजे. मंडळाचे हायेत, दोनशेच्या वर. लावला का थे म्हणते फॉरमॅट करा. पोरगा म्हणे, हो म्हणा. म्या म्हटलं, थांब रे लेका.’

त्या ‘थांब रे लेका’ने निम्मं काम केलेलं असतं. लिनक्सच्या लॅपटॉपला ड्राईव्ह लावते. क्षमता पूर्ण दिसते, म्हणजे मास्तर आणि वही दोन्ही शाबूत. इथे फर्मवेअरच्या टूलला हातही लावायचा नाही. आधी अख्ख्या ड्राईव्हची जशीच्या तशी प्रत काढते आणि पुढचं सगळं त्या प्रतीवर करते. बिघाड पहिल्याच सेक्टरवर आहे. पण फॅट-३२ या मांडणीत बूट सेक्टरची एक नक्कल सहसा ६ क्रमांकाच्या सेक्टरवर ठेवलेली असते आणि फायलींच्या पत्त्यांची यादीही दोनदा लिहिलेली असते. टेस्टडिस्क नावाच्या मोफत प्रोग्रामने ती नक्कल पहिल्या जागी आणते. भजनांची नावं एकाखाली एक उतरतात.

फाईल मी उघडत नाही, तो माझा नियम आहे. काकांनाच सांगते, एक लावून पाहा. खंजेरी वाजते. काका टाळीने ठेका धरतात. सगळं नव्या ड्राईव्हवर उतरवून देते, वर एक प्रत नातवाच्या फोनमध्ये. माझ्याकडची प्रत सात दिवस राहते, मग पुसते. आठवड्यात कुणी परत आलं तर तेवढी सोय.

सकाळी ११:१५

डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातली एक विद्यार्थिनी. १९६९ पासूनचं हे विद्यापीठ, अकोल्याची ओळखच त्याच्यामुळे. कपाशीच्या प्लॉटवर तीन हंगाम घेतलेली मोजमापं या ड्राईव्हवर आहेत आणि पुढल्या महिन्यात प्रबंध द्यायचा आहे. ‘मॅडम, दिवाही लागत नाही. एका व्हिडिओत सांगितलंय, चिपच्या दोन पिना सुईने जोडा म्हणून.’

‘जोडल्या का?’

‘हात थरथरत होता, नाही जोडल्या.’

मी कवच उघडते. दिवा लागत नाही म्हणजे मास्तरपर्यंत वीजच जात नाही, मग वहीचा प्रश्न नंतरचा. भिंगाखाली दिसतं: लॅपटॉपला लावलेला असताना धक्का बसलेला आहे आणि यूएसबीच्या चारपैकी दोन पायांची डाख तडकली आहे. चार पाय म्हणजे ५ व्होल्ट, डेटाच्या दोन तारा आणि ग्राउंड. थोडा फ्लक्स, एक थेंब डाख, आणि जिथे पट्टाच उखडलाय तिथे केसासारख्या तारेचा जंपर. दिवा लागतो. ड्राईव्ह अख्खा उघडतो.

ती बराच वेळ काही बोलत नाही. मग विचारते, ‘फर्मवेअर मारलं असतं तर?’ मी खरं ते सांगते. ड्राईव्ह कदाचित चालू झाला असता आणि तीन हंगाम गेले असते. बिघाड कुठल्या थरात आहे हे ठरवल्याशिवाय अवजार उचलायचं नाही. डाख, मांडणी, फर्मवेअर, गोदाम: तपास याच क्रमाने, कारण या क्रमात आधीच्या पायऱ्यांवर आतलं काही हलत नाही.

दुपारी १२:४५

आता खरं फर्मवेअरचं काम. एका संगणक क्लासचा १६ जीबीचा ड्राईव्ह, त्यावर सॉफ्टवेअर बसवायच्या फायली होत्या. सर म्हणाले, ‘आतलं सगळं आहे आमच्याकडं, डबाच पाहिजे.’ तरीही चिठ्ठीवर त्यांची सही घेते.

वरच्या छापील नावावरून आत काय आहे ते कळत नाही. एकाच कंपनीच्या, एकाच खोक्यातल्या दोन ड्राईव्हमध्ये वेगवेगळे कंट्रोलर निघतात. म्हणून आधी नुसतं वाचणारा प्रोग्राम लावते. तो कंट्रोलरचं नाव आणि फ्लॅशचा ओळख क्रमांक दाखवतो. त्या क्रमांकाची पहिली जोडी म्हणजे घराणं. ९८ आली तर तोशिबा, ईसी म्हणजे सॅमसंग, २सी मायक्रॉन, एडी हायनिक्स. आज ९८ आहे. तोशिबातच फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश मेमरी घडवली आणि तिचा नँड प्रकार १९८७ मध्ये जगापुढे आला. टेबलावरची ही चिप त्याच घराण्यातली.

पण कंट्रोलर अर्धवट अडकला आहे, टूलला दाद देत नाही. त्याला वही वाचूच द्यायची नाही, म्हणजे तो जन्मजात पाठ असलेल्या अवस्थेत थांबून राहतो आणि टूलचं ऐकतो. त्यासाठीच ती सुई. या चिपला दोन्ही कडांना मिळून ४८ पाय आहेत, दोन पायांत अंतर अर्धा मिलिमीटर. डेटाचे २९ आणि ३० नंबरचे पाय सुईच्या टोकाने जोडून धरायचे, तसाच ड्राईव्ह लॅपटॉपला लावायचा आणि संगणकाने ओळखलं की लगेच सुई उचलायची. टोक सरकून विजेच्या पायाला लागलं तर चिप मरते. ज्या ड्राईव्हमध्ये सगळंच एका काळ्या चकतीत ओतलेलं असतं, तिथे बाहेर पायच नसतात, ते काम याहून अवघड.

दादा दुकानातलं बोलणं थांबवतात. सुई, प्लग, टण्ण असा आवाज, सुई वर. टूलमध्ये ड्राईव्हचं नाव उमटतं.

आता आवृत्ती. टूलची प्रत्येक आवृत्ती ठराविक कंट्रोलर आणि ठराविक फ्लॅश ओळखते. चुकीची जोडी लावली की ड्राईव्ह पहिल्याहून खोल जातो. जुळणारी आवृत्ती सापडल्यावर खण तपासायची कडकाई ठरवते. सैल ठेवली तर क्षमता पूर्ण दिसते, सर खूश होतात आणि पंधरा दिवसांत ड्राईव्ह परत येतो. कडक ठेवली तर क्षमता घटते पण टिकते. मी कडकच ठेवते. लॅपटॉपची बॅटरी भरलेली आहे हे पाहते, कारण दुपारी वीज जायचा नेम नाही आणि फर्मवेअर लिहिताना ती गेली तर सगळं पुन्हा सुईपासून. मग स्टार्ट. पट्टी सरकत राहते. चाळीस मिनिटांनी चौकोन हिरवा.

दुपारी २:१५

बाहेर रस्ता ओस. दादांच्या घरून चून-भाकर आणि मिरचीचा ठेचा आलाय. पंचेचाळीसच्या उन्हात कुणी येत नाही, म्हणून ही वेळ आठवणींची.

काम सुरू करून मला वर्षही झालं नव्हतं. मोर्शीकडच्या एका भजनी मंडळाचे दोघं आले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा आमचा जिल्हा, खंजेरी इथे गावोगावी. ‘ताई, चालू करून द्या जी,’ एवढंच म्हणाले. ८ जीबीचा ड्राईव्ह, क्षमता शून्य. मी कंट्रोलर ओळखला, टूल शोधलं, स्टार्ट दाबलं. अर्ध्या तासात हिरवा चौकोन. माझं पहिलं अवघड काम फत्ते झालं होतं. त्यांनी तिथेच लावून पाहिला.

‘यात तं काहीच नाही.’

त्यांच्या गावातल्या एका म्हाताऱ्या खंजेरीवाल्याची भजनं पुतण्याने फोनवर टिपली होती. फोन विकला गेला होता. म्हातारा मागच्या हिवाळ्यात गेला होता. दुसरी प्रत नव्हती. दोघंही रागावले नाहीत. मोठा एवढंच म्हणाला, ‘ताई, आमी चालू करा म्हटलं होतं.’

त्याचा शब्द बरोबर होता. वऱ्हाडात विहिरीवरची मोटर नुसती फिरली तर कुणी तिला चालू झाली म्हणत नाही. पाणी आलं की मोटर चालू. भजन ऐकू आलं की पेनड्राईव्ह चालू. मी मात्र मोटर फिरवून दिली होती आणि विहीर कोरडी केली होती. चूक टूलची नव्हती, टूलने सांगितलं ते केलं. मी विचारायला हवं होतं.

त्या दिवसापासून प्रत्येकाला पहिला प्रश्न तोच विचारते: डबा पाहिजे का डब्यातलं? त्याचं उत्तर आल्याशिवाय स्टार्ट दाबत नाही.

दुपारी ४:००

उन्हं कलत नाहीत, पण लग्नसराई थांबत नाही. वाशीमकडून आलेल्या फोटोग्राफरचा ३२ जीबीचा ड्राईव्ह, क्षमता शून्य. आत एका लग्नाचे सगळे फोटो. कॅमेऱ्यातलं कार्ड त्याने पुढच्या लग्नाला पुसून वापरलं. दिवा लागतो, डाख ठीक, कंट्रोलर बोलतो. माझ्याकडे याची नेमकी आवृत्ती आहे. स्टार्टचं बटण उजळलेलं आहे.

‘एकदा करून तर पाहा मॅडम.’

‘एकदा केलं की दुसऱ्यांदा करायला काही उरत नाही, दादा.’

त्याला दुसरी वाट सांगते. प्रयोगशाळेत फ्लॅशची चिप उपसून वेगळ्या यंत्रावर तिचं पान न् पान वाचतात. कंट्रोलर माहिती जशीच्या तशी लिहीत नाही, एका ठरलेल्या नमुन्याने मिसळून लिहितो. ती मिसळण उलगडावी लागते, वाचनातल्या चुका दुरुस्त कराव्या लागतात आणि हरवलेली वही गाठींच्या खुणांवरून पुन्हा लिहावी लागते. हे काम पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत होतं. वेळ लागतो, पैसे हजारांत जातात आणि यशाची हमी नाही. तो नवरीच्या वडिलांना फोन लावतो, बाहेर जाऊन बोलतो, परत येतो. ‘पाठवा.’ स्थिर विजेपासून जपणाऱ्या पिशवीत ड्राईव्ह घालते आणि वर लाल शाईने लिहिते: फर्मवेअर लिहू नये.

त्याच्यामागोमाग एक किराणा दुकानदार. बाजारात स्वस्तात घेतलेला ‘२ टीबी’. नव्या फायलींची नावं दिसतात, उघडल्या की काही नाही. फ्लॅशचा क्रमांक पाहते: आत १६ जीबीच आहेत. ज्या टूलने मी ड्राईव्ह बरे करते, त्याच टूलने कुणीतरी या मास्तरला खोटं बोलायला शिकवलं आहे. १६ च्या पुढचं जे त्याने यात टाकलं ते कधी लिहिलंच गेलं नाही. हे ऐकवताना मला दर वेळी वाईट वाटतं, कारण त्याचा काहीच दोष नाही. आधीच्या ज्या फायली शाबूत आहेत त्या काढून देते. मग त्याच्या परवानगीने ड्राईव्हला त्याची खरी क्षमता लिहिते. आता तो १६ सांगतो आणि १६ पाळतो.

संध्याकाळी ६:१५

परतीची बस. मूर्तिजापूरला अंधारून येतं. खिडकीतून अजून झळ येते.

रात्री ९:००

ट्रॅक्टरवाला दारात उभा. पट्टीवरचं वाचतो. ‘५७ च?’ मी वगळलेल्या जागांचं सांगते. तो मान हलवतो. ‘बरं हाय जी. गाण्यापुरता लय झाला.’ गाडीच्या म्युझिक सिस्टिमला लावतो. गल्लीत गाणं वाजतं, शेजारची पोरं बाहेर येतात. त्याच्या अर्थाने आणि माझ्याही अर्थाने, ड्राईव्ह चालू.

रात्री १०:१५

क्लासचा १६ जीबीचा ड्राईव्ह चाचणीला लावते. मग वही. माझ्या वहीत प्रत्येक ओळीला दोन रकाने आहेत: ‘डबा’ आणि ‘आतलं’. ट्रॅक्टरवाला, डबा, खूण. भजनं, आतलं, खूण. कपाशीची मोजमापं, आतलं, खूण. क्लास, डबा, सकाळपर्यंत थांबायचं. किराणा, डबा पूर्ण, आतलं जेवढं होतं तेवढं. लग्नाचे फोटो: ‘आतलं’च्या रकान्यात तारीख आणि ‘पुणे’ लिहून पुढची जागा कोरी सोडते. ती भरणं माझ्या हातात नाही. ती कोरी राहू देणं तेवढं माझ्या हातात होतं, आणि आज ते जमलं.

चाचणीच्या पट्टीवर अजून तास बाकी दिसतो. कूलरमध्ये पाणी भरते आणि दिवा मालवते.